हुजैरच्या मुलीची साक्ष

हजची गर्दी ओसरली की दर वर्षी सुलाफाच्या दारात माणसं यायची. मदिनेच्या टोकाला, काळ्या खडकांचा माळ सुरू होतो तिथे तिचं एका खोलीचं घर. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झालेली. एकुलता मुलगा फौजेबरोबर खोरासानला गेला तो तिकडचाच झाला. उरलेलं वर्षभर बोलायला एक शेळी आणि शेजारची बुसैना. त्यातल्या त्यात शेळी बरी, असं सुलाफा म्हणायची.

माणसं यायची ती तिच्या बापासाठी. हुजैरने चार वर्षांचा असताना पैगंबरांना पाहिलं होतं, असं सगळे म्हणत. ज्यांनी पाहिलं ते केव्हाच मातीआड झाले होते आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलेही आता एकेक करून चालले होते. सुलाफा सांगायची : पैगंबर वाटेत थांबले, माझ्या बापाच्या डोक्यावर हात ठेवला, त्याला खजूर दिला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. ते तिच्यासाठी दुआ मागायचे, चार घास खाऊन जायचे.

त्या वर्षी कूफ्याहून जुफर आला. चाळिशी उलटलेला, पाय फुटलेले, काखेत चामड्याची पिशवी. पैगंबरांचं सगळं आयुष्य क्रमाने लिहून काढायचं म्हणून तो अठरा वर्षं गावोगाव फिरत होता.

"आला गं तुझा पाहुणा!" बुसैना भिंतीवरून ओरडली. "याला तरी काही धड घाल. की पुन्हा जवाची पेजच?"

"तू तुझी चूल बघ!" सुलाफा म्हणाली आणि तिने चटई झटकली.

जुफरने सगळं ऐकून घेतलं. तो रडला नाही. बोरू शाईत बुडवून त्याने विचारलं, "मावशी, कुठला हात ठेवला? उजवा की डावा?"

"उजवा," सुलाफा म्हणाली.

"हे तुमच्या वडिलांनीच सांगितलं ना? त्यांच्याच तोंडून ऐकलंत?"

बोरू कागदावर टेकला. सुलाफा त्याच्या टोकाकडे बघत राहिली. 'उजवा' हा शब्द बापाने कधीच उच्चारला नव्हता. तो आत्ता, या माणसासमोर, तिच्या तोंडून निघाला होता आणि तो कायमचा लिहिला जाणार होता.

"थांब बाळा," ती म्हणाली. "खोड ते."

"फक्त हात?"

"सगळंच."

जुफरने बोरू खाली ठेवला. तिने पदराने तोंड पुसलं.

"नवरा गेला त्या वर्षी पहिल्यांदा दोघं आले. मी होतं तेवढंच सांगितलं. ते उठून गेले, पाणीसुद्धा घेतलं नाही. पुढच्या वर्षी म्हटलं, पैगंबर थांबले. मग माणसं बसली. हात ठेवला म्हटल्यावर जेवायलाही थांबायला लागली. खजूर केव्हा आला, माझं मलाही आठवत नाही."

"आणि होतं तेवढं म्हणजे काय होतं?"

"बाप सांगायचा, मी माझ्या अब्बाचा सदरा धरून उभा होतो. मला नुसत्या पाठी दिसत होत्या. धूळ उडाली. अब्बाने उचलून घेतलं तोवर सगळे पुढे गेले होते. अब्बा मात्र रडत होता. एवढंच."

जुफर म्हणाला, "मावशी, यात पैगंबर नाहीत. यात तुमचे वडील आहेत."

"मग तेवढेच आहेत माझ्याकडे."

त्याने पान खोडलं. तिने वाढलेली पेज तो मुकाट्याने प्यायला. "तुम्ही सांगितलंत हे फार झालं," एवढं म्हणून उन्हं कलायच्या आत निघून गेला. त्याला अजून दोन घरं गाठायची होती.

गोष्ट त्याने लपवली नाही. त्याच्या कामात त्याला ती लपवताही येणार नव्हती. हुजैरच्या मुलीकडे घेण्यासारखं काही नाही, हे मशिदीत एकाने दुसऱ्याला सांगितलं. पुढच्या हजनंतर कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या वर्षी जुफरचं पुस्तक मदिनेच्या मशिदीत वाचलं गेलं. वाचन कित्येक दिवस चाललं होतं. सुलाफा रोज काठी टेकत जायची, बायकांच्या मागच्या रांगेत बसायची. कोणी कोणाकडून ऐकलं ती नावं वाचणारा एका दमात घ्यायचा. त्यातली कितीतरी माणसं तिच्या तोंडओळखीची होती, आणि आता त्यांतलं कोणीच हयात नव्हतं. शेवटच्या दिवशी पैगंबरांच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा सगळी मशीद हुंदके देत होती. शेजारच्या परक्या बाईने डोळे पुसत विचारलं, "तुमच्या घरातल्या कोणी पाहिलं होतं का हो त्यांना?"

"नाही," सुलाफा म्हणाली.

बाईने मान हलवली आणि पुन्हा पुढे बघू लागली. वाचन संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत सुलाफा तिथेच बसून राहिली, आणि मग शेळीचं दूध काढायची वेळ झाली म्हणून उठली.