सरकलेलं आरक्षण

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत लीलाबाईची पिठाची गिरणी होती. नवरा पुंडलिक कंपनीत असताना त्यानं रामकिसन पाटलाकडून गुंठाभर जागा घेतली, वर पत्रे टाकले, पुढच्या खोलीत गिरणी बसवली आणि मागं संसार मांडला. पुंडलिक गेला, पण गिरणीनं घर धरून ठेवलं. लेक करुणाचं लग्न आणि मुलगा प्रणयचं शिक्षण तिच्यावरच झालं. गल्लीतली बाकीची घरंही अशीच, रामकिसनच्या शेतातून गुंठा गुंठा कापून उभी राहिलेली. टोकाला शेताचा जो तुकडा उरला होता, त्यात रामकिसन अजून ज्वारी पेरायचा.

रामकिसनची बायको आवडाबाई दुपारची गिरणीत येऊन बसायची. दळण नसलं तरी यायची. पहिल्या पहिल्यांदा ती उंबऱ्याबाहेर बसे, पाणीसुद्धा घेत नसे. मग एका पावसाळ्यात लीलाबाई तापानं अंथरुणाला खिळली. आवडाबाईनं दोन्ही लेकरांना आपल्या घरी नेऊन जेवू घातलं, आणि लीलाबाई उठून हिंडू-फिरू लागली तशी आत येऊन तिच्याकडं चहा मागितला. त्यावर दोघींत कधी बोलणं झालं नाही. पुढं सगळी सुखदुःखं मात्र त्या गिरणीतच बोलली गेली.

शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झाला तेव्हा आवडाबाई रडतच आली. "आमच्या तुकड्यावर आरक्षण टाकलंय म्हणं, लीला. तेवढाच राहिला होता गं!"

लीलाबाईला आरक्षण म्हणजे नोकरीतलं तेवढं ठाऊक. प्रणयनं समजावून सांगितलं, "आई, हे जमिनीवरचं. उद्या शहर वाढलं की बाजार कुठं करायचा, दवाखाना कुठं, त्याची जागा आजच राखून ठेवतेत. पाटलांच्या शेतात व्यापारी केंद्र दाखवलंय. आता तिथं बांधायला परवानगी नाय, अन् घ्यायला गिऱ्हाईक नाय."

लीलाबाईनं गल्ली गोळा केली. महापालिकेत आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी होती, तिला बाया-माणसं रिक्षा करून गेली. साहेबांपुढं उभं राहिल्यावर रामकिसनच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा लीलाबाईच पुढं झाली.

"साहेब, आम्हाला कुणी जागा देत नव्हतं तवा ह्या माणसानं दिली," ती म्हणाली. "त्याचं शेत कशाला घेता? तुम्हाला बाजारच पाहिजे ना? मग आमच्या गल्लीत येऊन बघा. माझी गिरणी हाय, शिलाई हाय, किराणा हाय, पंक्चरवाला हाय. बाजार तर तिथं कवाच भरलाय!"

लोक हसले. साहेबही हसले. "बरोबर आहे तुमचं," असं म्हणून त्यांनी ते टिपून घेतलं. परतताना आवडाबाईनं रिक्षात लीलाबाईचा हात घट्ट धरला होता. आपण एवढ्या माणसांत बोललो, याचंच लीलाबाईला नवल वाटत होतं.

वर्ष उलटून गेल्यावर सुधारित आराखडा आला. प्रणयनं फोनवर नकाशा मोठा करून पाहिला. रामकिसनचं शेत मोकळं झालं होतं. व्यापारी केंद्र शेजारी सरकलं होतं, अख्ख्या गल्लीवर. खाली कारण दिलं होतं, ते त्यानं वाचून दाखवलं. घरं नियमित केलेली नाहीत, शिवाय त्या जागेत आजच व्यापारी वापर चालू आहे, असं रहिवाशांनीच सुनावणीत सांगितलं आहे.

"हे तर मीच बोलले व्हते," लीलाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच साहेबांकडं गेली. त्यांनी तिला ओळखलं, बसायला खुर्ची दिली. "आई, हरकतींची मुदत संपली आता."

"पण तुम्ही आमचं ऐकलं नाय, साहेब."

"ऐकलं म्हणूनच तर बदललं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. त्यामुळं तर तिला भांडायलाही काही सापडेना.

तिथून ती थेट रामकिसनच्या वाड्यावर गेली. त्यानं एकदा साहेबांकडं येऊन गल्लीसाठी दोन शब्द सांगावेत, एवढंच तिचं मागणं होतं. तिला पाहून रामकिसन आत गेला. बाहेर आला तो त्याचा मुलगा इंद्रजीत.

"मावशी, आमचं कसंबसं सुटलंय," तो म्हणाला. "पुन्हा तोंड उघडलं तर पुन्हा आमच्यावर येईल."

आवडाबाई दाराला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली. लीलाबाई आली तशी माघारी फिरली.

नंतर गल्ली पाडायला कुणी आलं नाही. आलं असतं तर एकदाचा सोक्षमोक्ष तरी लागला असता. प्रणयला लग्नाआधी वर एक खोली चढवायची होती. बँकेनं नकाशा पाहूनच कर्जाला नाही म्हटलं. मुलीकडच्यांनी जागेची चौकशी केली आणि सोयरीक मोडली. प्रणय पुण्याला नोकरीला गेला, तिथंच भाड्यानं राहिला. "आई, तू पण चल," तो दर वेळी म्हणायचा, पण एका खोलीत तिघं मित्र राहतात हे तिला माहीत होतं. शिलाईवाल्यानं मिळेल त्या भावात घर विकून टाकलं. शेतात मात्र इंद्रजीतनं बिल्डर आणला, मजल्यावर मजले चढले, आणि पाटलांचं घर गारखेड्याला फ्लॅटमध्ये गेलं.

एका दुपारी गिरणीपुढं रिक्षा थांबली. आवडाबाई ज्वारीची पिशवी घेऊन उतरली. ती थकलेली दिसत होती.

"तिकडं दळण बारीक येत नाय," ती म्हणाली.

लीलाबाईनं पिशवी घेतली, गिरणी चालू केली. पट्टा थांबला तशी आवडाबाई म्हणाली, "लीला, मला शिव्या तरी दे गं. मी त्या दिवशी दारातून बोलायला पाहिजे व्हतं."

"तुम्ही बोलून काय व्हणार व्हतं, आवडाबाई? मी बोलले की भर सभेत."

"माझ्यासाठी बोललीस तू."

"व्हय," लीलाबाई म्हणाली आणि पिशवीचं तोंड बांधून दिलं.

आवडाबाई पुन्हा आली नाही. नव्या इमारतीत माणसं राहायला आली, खाली काचेचं मोठं दुकान झालं, आणि त्यातून लोक पीठही बांधलेल्या पाकिटातलंच नेऊ लागले. दिवाळीनंतर लीलाबाई गिरणी एक दिवसाआड चालू करायला लागली. पत्रा गळत होता, पण दुरुस्ती करायला आता तिचं मन होईना.