वांग्याचा आळ

रंगुबाईने पाच महिन्यांत वांग्याला बोट लावलं नव्हतं, आणि तरी घरात, शेजारी आणि आता तिच्या तोंडावरसुद्धा एकच बोलणं चाललं होतं, की म्हातारी चोरून वांगं खाते.

झालं होतं ते एवढंच. कोल्हारच्या त्यांच्या रानात ऊस तुटून गेल्यावर वाळल्या पानांचं पाचट पसरताना तोडल्या उसाचा धारदार खुंट तिच्या नडगीत घुसला. जखम रुपयाच्या नाण्याएवढी. चार दिवसांत भरायला हवी होती, तर ती तशीच उघडी राहिली, वर काठाने काळी पडत चालली. आता जखम भरली नाही की आपल्याकडे दोष जखमेला कधीच लागत नाही, तो लागतो माणसाच्या जिभेला. वांगं वातूळ म्हणून बंद, अंडं उष्ण म्हणून बंद, तुरीचं वरण, शेंगदाणे, ताक, सगळं बंद. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या ताटात भाकरी आणि मुगाचं पातळ पाणी. तिने तेही निमूट गिळलं. कारण पाय जाईल अशी भीती तिलाच सगळ्यांत जास्त होती.

सून मोनिका वांग्याची भाजी केली की पातेल्यावर झाकण ठेवायची आणि झाकणावर एक वाटी पालथी घालायची. वाटी हलली की कळावं म्हणून. जिने चाळीस वर्षं त्या चुलीवर साऱ्या घराला वाढलं, तिच्यावर ही पहारेदारी. शेजारची छबूबाई तर ओट्यावर बसून शहाणपण शिकवून गेली, "रंगू, ह्या वयात जिभंचे चोचले बरे न्हाईत." रंगुबाईला वाटलं, हिच्याच तोंडावर ते पातेलं उपडं करावं.

जखमेला वास यायला लागला तेव्हा कुठे तिचा मुलगा सुनील तिला मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर यशोधरा वयाने मोनिकाएवढ्याच. त्यांनी पाय पाहिला, साखर तपासली, पायात रक्त नीट पोचतंय का ते पाहिलं. दोन्ही ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, "आजी, जेवता काय?"

उत्तर सुनीलनेच दिलं. "पथ्य लई कडक हाय म्याडम, वांगं, अंडी, डाळ समदं बंद. पर ती चोरून खाती."

"मी खाल्लं न्हाई," रंगुबाई म्हणाली. "खाल्लं असतं तर सांगून खाल्लं असतं. मी कुनाच्या बापाला भीत न्हाई."

"खायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "डाळ आणि अंडी कुणी बंद केली यांची?"

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून सुनीलशी नाही, रंगुबाईशी बोलायला लागल्या. "आजी, कातडीच्या तळाशी मूळपेशी असतात. त्या रोज नवी कातडी तयार करून वर पाठवतात, जुनी झडून जाते. तरुणपणी जखम झाली की काठाच्या मूळपेशी लगेच कामाला लागतात. वय झालं की त्या मंदावतात, हाक मारली तरी उशिरा उठतात. त्यात तुम्हाला खायला मिळालं नाही. मग नवी कातडी बनायची कशाची?"

रंगुबाई म्हणाली, "म्हंजी खोडवा."

डॉक्टरांना कळेना. तिने समजावून सांगितलं. ऊस तोडला की त्याच बुडातून पुन्हा फुटतो, तो खोडवा. "पैल्या साली फुटव्याला जागा पुरत न्हाई. चवथ्या खोडव्याला बूड थकतं, मंग वळीत नुसत्या नांग्या. आमच्या दुसऱ्या वावरात औंदा तसंच झालंय."

"फुटवा आला नाही ती रिकामी जागा, तीच नांगी ना?" डॉक्टर म्हणाल्या. "मग तिथं काय करता?"

"रोपं आनून भरतो," सुनील चटकन बोलला. त्याच आठवड्यात त्याने नांग्या भरल्या होत्या.

"मग इथंही तेच. तीन आठवडे पट्टी करू, आजींना पोटभर अंडी-डाळ द्या. जखम स्वच्छ होऊन आतून लाल झाली की मांडीवरची पातळ कातडी काढून इथे लावू. मांडी आपोआप भरते, तिथे खाली मुळं शिल्लक राहतात. हे केलं नाही तर जखम हाडापर्यंत जाईल." त्यांनी संमतीचा कागद पुढे केला.

कागद सुनीलने घेतला. वाचला आणि घडी घातली. "ह्या वयात कापाकापी कशाला म्याडम," तो अगदी मायेने म्हणाला. "पट्टी बांधत ऱ्हाऊ. आता हिचे असे दिस तरी किती ऱ्हायल्यात? घरी इचारून सांगतो."

वांग्याचा आळ रंगुबाईने सोसला होता. हे सोसवेना. उसाच्या थकल्या बुडाला रोपं आणायला जो माणूस पहाटे राहुरीपर्यंत जातो, तो आईच्या पायाबद्दल घरी विचारणार होता.

"घरी कुनाला इचारनार?" ती म्हणाली. "पाय घराचा हाय का माझा?"

सुनील काही बोलायच्या आत तिने त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि घडी मांडीवर सरळ केली. "बाई, माझी एकलीची सही चालंल का?"

"तुमचीच लागते," डॉक्टर म्हणाल्या.

बचत गटात शिकलेली सही ती सावकाश करत होती. एकेक अक्षर दाबून. सुनील शेजारी उभा राहून म्हणाला, "आई, मी तुझ्या भल्यासाठीच म्हनलो."

रंगुबाईने सही पुरी केली.

"चोर म्हनलास," ती म्हणाली, "ते बी भल्यासाठीच हुतं. आता माझं भलं मला बघू दे."