नानांच्या अंघोळीची भिंत

नाना बाथरूममध्ये पडले तेव्हा त्यांनी कुणालाही हाक मारली नाही. नळ चालू ठेवून फरशीवर पडून राहिले. बाहेर त्यांची लेक पाण्याचा आवाज ऐकत होती आणि बापाची अंघोळ आज निवांत चाललीय म्हणून समाधानात होती. शेवटी टाकी रिकामी झाली तेव्हा ती आत शिरली.

"हाक मारायची ना," ती म्हणाली.

"उठणारच होतो. घाई काय होती?"

त्या दिवसापासून तिचा नळावरचा विश्वास उडाला.

तिला घरात चिमी म्हणत. वय पन्नाशीकडे झुकलेलं, दिवसभर पार्सलच्या काउंटरवर उभं राहून पाय सुजलेले, पण नाव चिमी. तिचं मागणं एकच होतं: नाना आत उभे आहेत की आडवे, हे बाहेरून कळावं. ती म्हणाली, दार उघडं ठेवा. नाना म्हणाले, त्यापेक्षा अंघोळच सोडतो. आणि खरंच सोडली. चार दिवसांनी चिमीनंच माघार घेतली, कारण घरात पंखा एकच होता आणि तो नानांकडून तिच्याकडे वारा आणत होता.

मग काचेच्या विटांचं ठरलं. शॉवरमागची भिंत स्वयंपाकघराला लागून होती. ती पाडून तिथे ग्लास ब्लॉक लावायचे, म्हणजे उजेड आरपार, माणूस मात्र नुसता डाग. मिस्त्री आले, त्यांनी वर ठोकून पाहिलं.

"वरचा भार नाही, बरं झालं. ही काच स्वतःचंच वजन पेलते ताई. दुसऱ्याचं अंगावर घेत नाही."

चिमीला त्या काचेचा हेवा वाटला.

नानांनी एक ब्लॉक डोळ्यांसमोर धरून मिस्त्रींना न्याहाळलं आणि अट घातली. "कमरेपर्यंत साधी वीट. काच त्याच्या वर."

"नाना, नुसता डाग दिसतो हो."

"डाग माझा आहे ना?"

चिमी थकली होती. ती हो म्हणाली.

मिस्त्रींनी खाली विटा रचल्या, वर काचेचे थर चढवले, सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरले. सगळं वाळल्यावर नाना स्वयंपाकघरात परीक्षक म्हणून बसले आणि मिस्त्री कपड्यांनिशी शॉवरखाली उभे राहिले.

"साबण लावल्यासारखं करा," नाना ओरडले.

मिस्त्रींनी केलं. इतकी वर्षं गवंडीकाम केलं, पण हे काम त्यांना पहिल्यांदाच लागलं होतं.

"ओळखू येत नाही," नाना म्हणाले. "पास."

दुसऱ्या दिवसापासून चिमी सकाळी स्वयंपाकघरात बसू लागली. काचेत मातकट रंगाचा उंच डाग दिसायचा. डाग उभा, म्हणजे नाना उभे. हळूहळू ती निर्धास्त झाली. एका खुर्चीवर स्वतः बसायची, दुसरीवर पाय ठेवायची आणि चहा गरम असतानाच प्यायची. हे सुख ती कित्येक वर्षांत विसरून गेली होती.

अशीच एका सकाळी ती डागाकडे बघत चहा पीत होती, तेव्हा मागून नाना आले. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"मला आहे का चहा?"

"ओतते," म्हणून ती उठली आणि थांबली. भिंतीत नाना अजून अंघोळ करत होते.

तिनं नानांकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग परत नानांकडे.

"नाना, आत कोण आहे?"

नानांनीही भिंतीकडे पाहिलं. जरा विचार केला.

"मीच," ते म्हणाले.

आत जाऊन तिनं पाहिलं. फरशी पुसायचा दांडा उभा, त्यावर नानांचा जुना मातकट शर्ट, टोकाला प्लास्टिकचा मग उपडा. आणि त्याच्या पायाशी, विटांच्या आडोशाला, एक बुटकं स्टूल.

"बसून करता?"

"गुडघे उभं राहू देत नाहीत. त्या दिवशीही घसरलो नव्हतो मी. बसायला गेलो नि पडलो. उठता येईना."

"मग सांगायचं नाही?"

नानांनी टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "तू त्या डागाकडे बघून बसायला लागलीस. कधी बसलेली दिसत नाहीस तू. म्हटलं, राहू दे उभा."

चिमी त्या बुटक्या स्टुलावर बसली आणि नानांनी मिस्त्रींना फोन लावला: बसलेला माणूसही दिसायला हवा.

"म्हणजे खाली काच, वर वीट?" मिस्त्रींनी येऊन विचारलं. "नाही जमणार. काच वीट पेलत नाही."

"मग सगळीच काच करा," नाना म्हणाले. एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मिस्त्री बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. ती त्यांना झकास साधली होती. मग छिन्नी काढली.

नवी भिंत वाळली तशी पुन्हा परीक्षा झाली; चिमी आणि नाना स्वयंपाकघरात बसले. मिस्त्री स्टुलावर बसले. डाग बसलेला दिसला.

"आता आडवे व्हा," चिमी म्हणाली.

डाग आडवा झाला. अगदी स्वच्छ दिसत होता.

"झालं, उठा."

डाग हलला नाही. चिमीनं कप खाली ठेवला. "मिस्त्री?"

"ओ," आतून आवाज आला. "ठीक आहे मी. बऱ्याच दिवसांनी पाठ टेकलीय ताई. जरा असू द्या."

दोघं चहा पीत त्या आडव्या डागाकडे बघत राहिले.

"हाक मारली की ओ देतो," चिमी म्हणाली. "गुणी माणूस आहे."

नाना कपात बघत होते. "मीही देईन," ते म्हणाले.