दुसरं फडकं

सोजरबाईंचा घसा बसला, असं आता सगळं गावच म्हणायला लागलं होतं. रिसोडजवळच्या त्या गावात महिला मंडळाचं भजन त्याच उचलायच्या. पण दिवाळीपासून स्पीकरमधून त्यांचा आवाज असा यायचा, जणू बाई विहिरीत बसून गातायत. शेजारच्या माइकवरची वर्षाराणी, त्यांनीच शिकवून तयार केलेली, मात्र खणखणीत वाजायची.

रामरावांनी बायकोसाठी एक उपाय सोडला नाही. सकाळी मिठाचं कोमट पाणी, दुपारी ज्येष्ठमधाची काडी, भजनाला निघताना हातात थर्मास.

"गुळण्या कर, सोजर. अन् आता वय झालं. वर्षाराणीच्या हाती चिपळ्या दे अन् घरी बस सुखानं."

शेवटी बाईंनी मनाशी ठरवलं. आज संध्याकाळी देवळात चिपळ्या वर्षाराणीला द्यायच्या आणि मागच्या ओळीत बसायचं.

मंडळाचे माइक रामरावांचा पुतण्या गणेश सांभाळायचा. दोन माइकना दोन जुने, व्हॉल्वचे डबे; माइकचा बारीक आवाज ते मोठा करून पुढं पाठवायचे. त्यांचा जोर एवढा, की दोन्ही आवाज एकत्र करणाऱ्या नव्या मिक्सरमध्ये आवाज फाटायचा. म्हणून दिवाळीत गणेशनं प्रत्येक डब्यातून निघणाऱ्या वायरीत सुपारीएवढी एक गाठ बसवली, आत रेझिस्टर.

"हे काय रे?" बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"काकू, नळाच्या तोंडाले फडकं बांधलं का पाणी कसं दमानं येते? तसंच हे. मशीन तेच, जोर कमी."

देवळात आज धुपाचा धूर नेमका बाईंच्या तोंडावर येत होता. त्या सरकल्या आणि वर्षाराणीच्या माइकसमोर बसल्या. पोरगी त्यांच्या जागी गेली. बाईंनी पहिली ओळ उचलली.

स्पीकर दणाणला. पारावरचे म्हातारे मान वळवून बघायला लागले. वर्षाराणीनं साथ धरली, तर तिचाच आवाज विहिरीतून!

"काकू, माहा घसा बसला का वो?" ती घाबरून म्हणाली.

 बाईंनी वायरी बघितल्या. या डब्याच्या वायरीला एक गाठ होती. त्यांच्या नेहमीच्या डब्याच्या वायरीला दोन.

"गणेश, माह्या नळाले दोन फडके कायले रे?"

गणेशनं मान खाली घातली. मग हळूच खांबाजवळ बघितलं. तिथं रामराव थर्मास घेऊन उभे होते.

"काकानंच सांगतलं," तो पुटपुटला.

"तू घरात टिकतच नव्हती," रामराव म्हणाले. "भजनासाठी आज हे गाव, उद्या ते. मले वाटलं, घसा गेला म्हणून तरी बसशीन."

"अन् रोज सकाळी पाणी तापवत होते तुमी. माह्यासाठी."

रामरावांनी थर्मास पुढं केला. 

"तुमीच करा गुळण्या," बाई म्हणाल्या, आणि गणेशकडे वळल्या. "एक गाठ काढ. दुसरी राहू दे, नाई तं आवाज फाटते."

गणेशनं गाठ काढली. बाई आपल्या जागी बसल्या, चिपळ्या स्वतःच्याच बोटांत अडकवल्या आणि गायला लागल्या. खांबाकडे त्यांनी बघितलं नाही. पण दुसऱ्या कडव्याला घसा दाटून आला, यावेळी खराच. आता वायरीत दुसरं फडकं नव्हतं. ते दाटणं जसंच्या तसं गावभर ऐकू गेलं.