प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे गुण

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली, पेन उचललं आणि सहाव्या नियमातला ‘दोन’ खोडून ‘पाच’ केला. गिऱ्हाइकाचा शर्ट एका बाहीला कडक आणि दुसरीला चुरगळलेला असा टेबलावर तसाच पडून राहिला. आता नियम झाला तो असा : किल्ल्याला मैदानावर स्वतःच्या डोळ्यांनी खेळताना पाहिलेल्या प्रत्येक सभासदामागे शाखेला पाच गुण.

‘किल्ला’ हे एका फुटबॉल गोलकीपरचं टोपणनाव. त्यानं खेळणं सोडल्याला पुष्कळ वर्षं झाली होती, तरी त्याचं चाहता मंडळ अजून जोरात होतं. ते काढलं होतं लाँड्रीवाल्या काकूंनी, याच दुकानात, धुवायच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांवर माणसं बसवून. दुसरी शाखा काढली त्यांच्या लेकीनं. ती दातांची डॉक्टर. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि दवाखान्यात येणाऱ्या पोरापोरींना गोळा करता करता तिनं तिथंही मंडळ उभं केलं.

सुरुवातीला काकू हे कौतुकानं सांगत. मग लेकीचे सभासद त्यांच्या दुप्पट झाले. मग गेल्या वर्षी किल्ला स्वतः तिच्या शाखेच्या वाढदिवसाला गेला, आणि वर्तमानपत्रात फोटो आला : तो हसतोय, हात लेकीच्या खांद्यावर. काकूंनी इतकी आमंत्रणं धाडली होती, पण त्यांच्या दारात यायला त्याला कधी सवड झाली नव्हती. गिऱ्हाइकं फोटो दाखवायला आणत. “हो, माझीच मुलगी,” काकू म्हणत आणि कॉलरवर इस्त्री अशी दाबत, की वाफ फुसकारून वर येई. पोटच्या पोरीवर जळायचं, हे बोलून दाखवणार तरी कुणापाशी?

दोन शाखांमध्ये मैत्रीचा सामना घ्यायचा ठरला, तेव्हा नियम संस्थापकांनीच करावेत असं सगळ्यांचं मत पडलं. काकूंनी नको नको म्हणून पाहिलं, आणि त्याच संध्याकाळी लिहायला बसल्या. पहिले पाच नियम सरळ होते. फलक, घोषणा, प्रश्नमंजुषा वगैरे. दात होते ते सहाव्याला.

मंडळाचे चिटणीस एरवी चष्म्यांचं दुकान चालवत. त्यांनी कागद वाचला, आणि म्हणाले, की तिकडची सगळी कालची पोरं, त्यांच्या पदरात इथं भोपळाच पडणार. त्याला आपण काय करणार, काकू म्हणाल्या. वर थापा मारायला वाव नको म्हणून त्यांनी आणखी एक ओळ घातली : त्या दिवशी मैदानावर असलेल्या दुसऱ्या कुणीतरी तशी साक्ष द्यावी.

लेकीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि “चालेल, आई” एवढंच म्हणाली. जरा भांडली असती तरी काकूंना बरं वाटलं असतं.

सामना शाळेच्या सभागृहात झाला. लेकीच्या शाखेनं फलकाचे गुण घेतले, घोषणांचेही घेतले. तिची पोरं काकूंना आपलेपणानं ‘आजी’ म्हणत खुर्ची आणून देत होती, पाणी विचारत होती, आणि दर ‘आजी’सरशी काकूंच्या कपाळावर एक आठी वाढत होती.

सहाव्या फेरीला चित्र पालटलं. काकूंच्या बाजूची पिकलेली मंडळी एकेक करून उठली, एकमेकांच्या साक्षी काढू लागली. शेवटी काकू उठल्या. त्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती : शेवटचं मिनिट, पेनल्टी, सगळं मैदान चिडीचूप, किल्ला डावीकडे झेपावला, आणि त्या बाकावर चढून अशा ओरडल्या, की पुढं कित्येक दिवस घशातून आवाज निघाला नाही. टाळ्या पडल्या. काकूंची शाखा तीन गुणांनी पुढं गेली.

चिटणिसांनी रीत म्हणून दुसऱ्या बाजूला विचारलं. लेक उभी राहिली.

“एक आहे. मी.”

तीच मॅच, ती म्हणाली. ती पाच वर्षांची होती. किल्ल्याला तिनं अख्खा वेळ खेळताना पाहिलं, फक्त पेनल्टी तेवढी पाहिली नाही.

“तेव्हा आई बाकावर चढली होती, आणि मी तिच्या पायांना मिठी मारून तिच्याकडे बघत होते. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे बघताना तर नाहीच. त्या माणसाचा मला इतका राग आला. मग वाटलं, त्याच्याच शेजारी जाऊन उभं राहावं. म्हणजे ती तिकडं बघेल तेव्हा मीही दिसेन.”

लहानपणची गंमत सांगावी तसं तिनं हसत सांगितलं. सभागृहही हसलं.

“साक्षीला कोण?” चिटणिसांनी विचारलं, आणि सगळ्या माना काकूंकडे वळल्या.

काकू मनानं मैदानावर गेल्या. उजवीकडे छत्रीवाला माणूस होता. डावीकडचा शेंगदाणे खात होता. कापलेल्या गवताचा वास होता, किल्ल्याच्या बुटाची सुटलेली नाडीसुद्धा होती. त्यांनी आपल्या पायांशी पाहिलं. तिथं त्यांची पर्स ठेवलेली होती. मूल नव्हतं. इतक्या वेळा सांगितलेल्या त्या गोष्टीत मूल कधीच नव्हतं.

चिटणीस पेन घेऊन थांबले होते.

“होती,” काकू म्हणाल्या. “माझ्या पायांशीच होती.”

पाच गुण मांडले गेले. पोरांनी एकच गलका केला, कुणी बाकं बडवली. लेक कप घ्यायला निघाली, ती काकूंच्या खुर्चीपाशी थांबली आणि वाकली.

“तुला आठवतंय, आई?”

काकूंनी तिच्या कॉलरची मुडपलेली कड सरळ केली. मग अंगठ्यानं पुन्हा एकदा दाबून बसवली.

“गर्दी फार होती गं,” त्या म्हणाल्या.

“हो,” लेक म्हणाली. “गर्दी होती खरी.” आणि ती पुढं गेली.

चिटणीस काकूंच्या कानाशी येऊन, दोन गुणांनी कसा घात झाला, ते सांगू लागले. कप घेणाऱ्या लेकीवरची नजर न हलवता काकूंनी त्यांना हातानंच थांबवलं.