साच्याचं गाव

तीनशे अठरा गावांची वेबसाईट करायची असली म्हणजे तीनशे अठरा पानं कोणी बनवत नाही. एकच बनवतात. हे मला प्रफुलनं पहिल्याच आठवड्यात समजावलं.

"गुणवंतभाऊ, एक पान मन लावून करायचं. तो साचा. मंग त्याचे छापे काढायचे आन् नाव बदलवायचं, फोटो बदलवायचे, आकडे बदलवायचे. क्लायंटले वाटते, बाप्पा, काय खपले हे लोक!"

मी सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. निवृत्त झालो तेव्हा ज्योत्स्नानं, म्हणजे आमच्या घरच्या साहेबांनी, मला घरात बसलेलं जेमतेम पंधरा दिवस सहन केलं आणि प्रफुलकडे पाठवून दिलं. प्रफुलची झरपट वेब सर्व्हिसेस चंद्रपुरात जटपुरा गेटाच्या आत, चपलांच्या दुकानावर, दोन खोल्यांत. कूलर एक, वारा कमी आणि आवाज जास्त. माणसं चार. प्रफुल मालक; क्लायंटशी बोलताना त्याचा आवाज पाकात घोळून निघायचा. अजय कोड लिहिणारा. कानावर हेडफोन असल्यामुळे कोणाचंच न ऐकण्याची त्याला अधिकृत सवलत होती. दिव्यानी पानांत मजकूर भरायची, आणि भरलेलं वाचणारी आमच्यात ती एकटीच. चौथा मी, तक्रारींच्या रजिस्टरवर.

वेबसाईट उभी करायला चार महिने लागतात, पण करार तीन वर्षं सांभाळायचा असतो आणि धंदा त्या सांभाळण्यात असतो. सांभाळणं म्हणजे मुख्यतः तक्रारी बंद करणं. तक्रार सोडवणं निराळं, बंद करणं निराळं. महिन्याच्या अहवालात बंद करणंच मोजतात.

आमचा मोठा क्लायंट म्हणजे अरण्यधारा महासंघ. मोहफूल, हिरडा, डिंक, चारोळी गोळा करणारी गडचिरोली-चंद्रपूरची तीनशे अठरा गावं त्यात. प्रत्येक गावाला एक पान आणि प्रत्येक पानावर माहितीचे अकरा रकाने. महासंघानं गावांना फॉर्म पाठवले. कोणी तीन रकाने भरले, कोणी पाच, एका गावानं अकराही रकान्यांत 'होय' लिहिलं. अशा मालातून साचा काय काढणार?

तेवढ्यात बुधरी मडावी आली. मुलचेरा तालुक्यातल्या येरमटोल्याची, तिथल्या बचत गटाची अध्यक्ष. फॉर्म पोस्टानं पाठवायचा होता, ही दोन बस बदलून घेऊन आली. सोबत शाळेची दोनशे पानी वही. त्रेचाळीस घरं, कोणत्या घराची मोहाची झाडं किती, फूल कुठं वाळवतात, कोणत्या साली पावसानं किती नेलं, सगळं लिहिलेलं. जिला सही येत नाही तिचा अंगठा.

"बुधरीबाई, इतकं नाही लागत," दिव्यानी म्हणाली. "घरवार नको, बेरीज द्या फक्त."

"बेरजेत कोणाचं नाव दिसते का ताई? नाव नाई दिसलं तं आमची रुखमाबुढी माह्यासंगं बोलणार नाई. आधीच कमी बोलते."

दिव्यानीनं दोन दिवस बसून सगळं भरलं. बुधरी पहिल्या दिवशी तिच्या खुर्चीमागे उभी राहून पाहत होती. रुखमाबाईचं नाव पडद्यावर उमटलं तेव्हा तिनं विचारलं, "हे साऱ्या दुनियेले दिसंल?"

अजयनं एका कानावरचा हेडफोन वर केला. "अमेरिकेतबी दिसंल, बाई."

"अमेरिकेले काय करायचं हाय? मुलचेऱ्यात दिसलं तरी झालं."

असं येरमटोला आमचा साचा झालं. अजयनं त्या पानावर 'नमुना' अशी खूण मारली. ती खूण असली की पान बाहेरच्या माणसाला दिसत नाही. आत काटछाट चाललेली असताना अर्धंमुर्धं लोकांसमोर जाऊ नये, हा त्यातला हिशेब. मग त्यानं तीनशे सतरा छापे काढले, दिव्यानीनं त्यांत ज्याची त्याची माहिती भरली, आणि जानेवारीत अजयनं एका दमात सगळ्या छाप्यांवरची खूण काढली. साइट खुली झाली. महासंघाच्या अध्यक्षांनी फीत कापली. संगणकाला फीत बांधलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

खूण काढली ती छाप्यांवरची. साचा हा छापा नसतो.

हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण आम्हाला येरमटोला दिसत होतं. आमचे चारही संगणक साइटच्या आत लॉगिन होऊन बसलेले असत, आणि आतल्या माणसाला झाकलेलं पानही उघडं दिसतं. दिव्यानी तर कोणी पाहुणा आला की तेच पान उघडून दाखवायची. सगळ्यांत देखणं तेच होतं.

बुधरीचा पहिला फोन जानेवारीच्या शेवटी आला. "भाऊ, जोहार. आमचं गाव दिसत नाई."

मी दिव्यानीला विचारलं. तिनं उघडून दाखवलं. मी फोनवर म्हटलं, "इथं तर छान दिसते, बाई. तुमच्याकडं नेटवर्क नसंल." रजिस्टरात लिहिलं: नेटवर्क. बंद.

दुसरा फेब्रुवारीत. "भाऊ, मी मुलचेऱ्यात आली. मोबाईलच्या दुकानात उभी हावो. बाकीचे गावं दिसतात, आमचंच नाई."

हे वाक्य ऐकून कोणाचेही कान टवकारायला हवे होते. मी ते अजयला सांगितलं. तो म्हणाला, "दुकानवाल्याचा फोन जुना असंल." मी लिहिलं: जुना फोन. बंद.

तिसरा मार्चमध्ये, आष्टीहून. "भाऊ, नेटवर्क काय आमच्याच गावावर रुसून राह्यलं?"

आम्ही हसलो. बाई विनोदी होती. प्रफुलनं तर तो विनोद महासंघाच्या मीटिंगमध्ये सांगितला आणि तिथंही हशा पिकला. मी लिहिलं: नेटवर्क. बंद.

ती एवढी का मागं लागली होती, ते आम्हाला माहीत होतं. महासंघानं चाळीस गावांना मोहफूल वाळवायची शेड आणि गोदाम जाहीर केलं होतं. शिवाय यंदाचा माल त्या चाळीस गावांतून महासंघच चांगल्या भावानं उचलणार होता. निवड साइटवरून व्हायची होती. ज्या गावाचं पान पूर्ण, त्याला गुण जास्त. त्यात वशिला नको म्हणून यादी यंत्रच काढणार. अकराच्या अकरा रकाने तपशिलासकट भरलेलं गाव तीनशे अठरात एकच होतं. बुधरीनं गावाला सांगून टाकलं, आपलं नक्की. मोह टपकायला लागला तसा दरवर्षीचा व्यापारी आला, तिनं त्याला परत पाठवलं. त्रेचाळीस घरांनी फूल विकलं नाही, अंगणात, ओसरीत, ताडपत्रीवर पसरून ठेवलं. पाडव्यानंतर अवकाळी पाऊस झाला. फूल काळं पडलं. बाया कुरकुरल्या, तर बुधरी म्हणाली, महासंघ घेईल, अध्यक्षानं शब्द दिला आहे. अध्यक्ष म्हणजे ती स्वतः.

पंधरा एप्रिलला यादी लागली. येरमटोला नव्हतं.

"असं कसं होईल?" दिव्यानी म्हणत राहिली. दुपारी ती खाली रसवंतीवर गेली आणि तिथं उभ्या उभ्या स्वतःच्या मोबाईलवर तिनं साइट उघडली. त्या मोबाईलवर लॉगिन नव्हतं. ती वर आली ती जिना चढून आल्यासारखी नाही, पडून आल्यासारखी. मोबाईल अजयसमोर धरला. पडद्यावर लिहिलं होतं: पान सापडले नाही.

अजयनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दोन्ही कान उघडे असलेला अजय मी तेव्हाच पाहिला. "खूण राह्यली," तो म्हणाला. "साच्यावरची खूण काढाची राह्यली. यादीच्या यंत्रानं हे पान मोजलंच नाई."

ती काढायला त्याला चार सेकंद लागले.

प्रफुल काही वाईट माणूस नाही. त्यानं ताबडतोब महासंघाच्या साहेबांना फोन लावला, स्पीकरवर, आमच्या देखत. साहेब म्हणाले, यादी बैठकीत मंजूर झाली. एका गावासाठी उघडली तर चाळीसही अडकतील, कोणी ना कोणी कोर्टात जाईल. पुढची फेरी तीन वर्षांनी आहे, तेव्हा बघू. आणि हो, लेखी काही पाठवू नका.

फोन ठेवून प्रफुलनं कूलरचं बटण उगाच बंद-चालू केलं. मग म्हणाला, "दिव्यानी, तू काऊन रडून राह्यली? मी का मुद्दाम केलं? महासंघाच्या विक्रीच्या साइटचं नवीन काम आपल्याकडं येऊन राह्यलं. चार घरं चालतात या ऑफिसावर."

"तिचं एक गाव चालत होतं, सर."

"मले माहीत हाय ना! मंग काय करू? दुकान बंद करू?"

माझ्याकडे काम होतं. निवड न झालेल्या दोनशे अठ्ठ्याहत्तर गावांचा तक्ता महासंघाला पाठवायचा होता, शेवटचा रकाना कारणाचा. दोनशे सत्याहत्तर गावांपुढे मी एकच कारण लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. मी प्रफुलला विचारलं, "येरमटोल्यापुढं काय लिहू?"

"बाकीच्यायपुढं काय लिहिलं?"

"माहिती अपूर्ण."

"मंग तेच खाली ओढून घ्या ना, भाऊ."

तक्त्यात ही सोय असते. वरच्या घराचा कोपरा धरून खाली ओढला की तेच शब्द खालच्या घरात येतात. मला टाइपसुद्धा करावं लागलं नाही. चौतीस वर्षांत मी खोटं कधी हातानं लिहिलं नाही असं मी घरी अभिमानानं सांगत असतो. तेही मी हातानं लिहिलं नाही.

महिनाअखेरीस बुधरी आली. बाहेर ऊन असं की चपलांच्या दुकानवाल्यानं गिऱ्हाईक सोडून शटर अर्धं ओढलेलं. तिच्याजवळ वही नव्हती. महासंघाचं पत्र होतं, चार घड्या घातलेलं. तिनं ते दिव्यानीच्या टेबलावर उघडून ठेवलं आणि कारणाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, मी काय द्याचं राह्यली?"

"काहीच नाही," दिव्यानी म्हणाली. "तुम्ही सगळं दिलं होतं, बुधरीबाई. चूक आमची आहे. आम्ही तुमचं पान झाकून ठेवलं आणि उघडायला विसरलो."

बुधरीचं बोट त्या ओळीवरून हललं नाही. तिला कळलं नसेल असं मला वाटलं, पण तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं होतं.

"हे तुमी तोंडानं सांगता. कागदावर माही चूक लिहून हाय. तो व्यापारी पुन्हा आला, काळं फूल अर्ध्या भावानं घेऊन गेला. गावात सारे म्हणतात, बुधरीनं चंद्रपूरले जाऊन फॉर्मच देल्ला नाई, बस फिरून आली. परवा बैठक झाली. मले अध्यक्षावरून काढलं." तिनं पत्र दिव्यानीकडे सरकवलं. "शेड नको ताई. एक कागद द्या. माहिती पूर्ण भेटली होती, इतकंच लिवा. शिक्का मारा. मी वाचून दाखवीन."

दिव्यानी उठून प्रफुलच्या खोलीत गेली. बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त तिचा आवाज चढत होता आणि त्याचा गोड होत होता. मग प्रफुल स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आला.

"बाई, बसा. पुढच्या फेरीत तुमचं गाव एक नंबर, मी सांगतो ना! साहेबासंगं बोललो मी."

"कागद?"

"कागद महासंघच देऊ शकते. आमी त्यायचे नोकर, आमाले अधिकार नाई."

बुधरी माझ्याकडे वळली. "भाऊ, मी तुमाले तीन वेळा फोन केला. तुमी लिहून घेतलं म्हणत होते. ते तरी दाखवा. त्याचाच फोटो काढून द्या."

रजिस्टर माझ्या कोपराखाली होतं. तारखा होत्या, तिचं नाव होतं, गावाचं नाव होतं, सगळं माझ्या अक्षरात. शिक्का ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली माझ्याच खिशात. प्रफुल माझ्याकडे पाहत नव्हता. त्याला माझा भरवसा होता.

"ऑफिसचं रेकॉर्ड आहे, बाई," मी म्हणालो. "बाहेर देता येत नाही."

तिनं पत्राच्या पुन्हा चार घड्या घातल्या. पाणी प्यायली, ग्लास उपडा ठेवला.

"बस दीडची आहे मुलचेऱ्याची," दिव्यानी म्हणाली. "मी येते स्टँडपर्यंत."

"मुलचेऱ्याची नको," बुधरी म्हणाली. "राजुऱ्याची किती वाजता हाय? तिथी बहीण राहते माही."