तौनोचं ‘नाही’

मी एक धमनी बोलतेय. जाडीला म्हणाल तर शिवणाच्या दोऱ्याएवढी. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी तौनो नावाचा म्हातारा राहतो, त्याच्या डोक्यात, डाव्या कानाच्या जरा वर माझा मुक्काम. माणसाचे शब्द जिथे राहतात त्या वस्तीला रक्त पुरवणं हे माझं काम.

तुम्हाला वाटेल, नळीला कसलं आलंय काम? रक्त येतं, रक्त जातं. अहो, तसं असतं तर अंथरुणातून उठल्या उठल्या भोवळ येऊन पडला असतात. रक्ताचा जोर वाढला की मी अंग चोरते, जोर ओसरला की अंग सैल सोडते. माझ्या पेशींना सदा सारखं रक्त मिळायला हवं. त्यातून माणूस बोलायला लागला की त्या ओरडतात, “आणा, आणखी आणा!” मग तिकडे दोन थेंब जास्तीचे वळवायचे. खरं सांगते, तौनोच्या बाबतीत ही वेळ फारशी आली नाही. तो रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवायचा आणि दिवसाचं बोलणं दहा-बारा वाक्यांत भागवायचा.

माझी खरी परीक्षा शनिवारी. त्या दिवशी सौना तापायची, म्हणजे अंगणातली वाफेची लाकडी खोली. तौनो आणि त्याचा मेहुणा एन्सिओ वरच्या फळीवर बसत, तापल्या दगडांवर ओगराळ्याने पाणी टाकत आणि लालबुंद झाले की थेट तळ्यात उडी मारत. वाफेत सगळं रक्त कातडीकडे धावायचं, गार पाण्यात तेच डोक्याकडे उसळायचं. चाळीस वर्षं मी हे सांभाळलं. शाबासकी कुणी दिली नाही, आणि मला ती नकोच होती.

हिल्का, तौनोची बायको, अधूनमधून म्हणायची, “डॉक्टरला दाखवून ये. तुझं हृदय ठेका चुकतंय.”

“जाईन.”

“कधी?”

“बर्फ वितळला की.”

बर्फ दरवर्षी वितळायचा.

नऊ वर्षांपूर्वीचा ऑगस्टमधला शनिवार. दोघे सौनात बसले होते. ठेका चुकणाऱ्या त्या हृदयात एक गुठळी धरली होती. ती सुटली, वर आली आणि माझ्या अलीकडच्या वळणावर अडकली. माझ्याकडे येणारं रक्त थांबलं. मी फाकता येईल तेवढी फाकले. शेजारणींना हाका मारल्या. एक-दोघींनी थेंब थेंब पाठवलं, पण ते कुठे पुरणार? पेशी आधी ओरडत होत्या, मग कुजबुजायला लागल्या, मग त्यांतल्या कितीतरी गप्प झाल्या.

तौनोच्या हातातलं ओगराळं खाली पडलं. एन्सिओने ते उचलून बादलीत ठेवलं. तौनोने तोंड उघडलं. शब्द आला नाही, तेव्हा मिटलं. आमच्याकडे सौनात कुणी बडबड करत नाही. गप्प बसलेला माणूस म्हणजे सुखात असलेला माणूस, अशी इथली समजूत. एन्सिओ एकटाच तळ्यात डुंबून आला, पुन्हा शेजारी बसला आणि म्हणाला, “काय शांत वाटतंय ना, दाजी?”

मी टाहो फोडत होते. पण धमनीला आवाज नसतो.

असाच दीडेक तास गेल्यावर हिल्का टॉवेल घेऊन आली आणि दार उघडताच किंचाळली, “अरे एन्सिओ, याचं तोंड वाकडं झालंय! तुला दिसलं नाही?”

“अंधार होता गं, ताई. मला वाटलं, दाजी रमलेत.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “यांचं बोलणं नक्की कधी बंद पडलं? गुठळी विरघळवायचं औषध आहे, पण ते ठरावीक वेळेतच देता येतं.”

एन्सिओचे केस अजून ओलेच होते. “कसं सांगू? ते एरवीही बोलत नाहीत.”

“शेवटचं कधी बोलले?”

त्याने बराच विचार केला. “दुपारी. लाकडं ओली आहेत म्हणाले.”

वेळ ठरेना, म्हणून औषध दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुठळी आपसूक विरली आणि रक्त लोंढ्याने आलं. आता मी अंग चोरायला हवं होतं. मला ते जमलं नाही. उपासाने मी लुळी पडले होते. येईल तेवढं रक्त आत जाऊ दिलं आणि वाचलेल्या पेशींपैकी काही त्या सुजेत गेल्या. लोकांनी एन्सिओला बोल लावले. माझी चूक मात्र कुणाला कळली नाही.

हळूहळू तौनो काठी धरून चालायला लागला. एकदम उठला की डोळ्यांपुढे अंधारी यायची, कारण मला वेळेवर सैल होता यायचं नाही. शब्द म्हणाल तर एकच उरला होता. ‘हो.’ बोलणं शिकवायला येणारी बाई कप दाखवून विचारायची, “हा कप आहे?” “हो.” मग त्याच कपाकडे बोट करून, “ही मांजर आहे?” “हो.”

हिल्का हसून म्हणाली, “चाळीस वर्षांच्या संसारात एवढं हो कधी म्हणाला नव्हता!” आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

एन्सिओ दर शनिवारी यायचा. लाकडं फोडायचा, सौना तापवायचा, तौनोला खालच्या फळीवर बसवून त्याची पाठ चोळायचा. उठवताना म्हणायचा, “सावकाश, दाजी. आधी दहा आकडे मोजू.” माझी अडचण इतकी कुणीच ओळखली नव्हती. आणि दर शनिवारी, दोघेच असताना, तो खालच्या आवाजात विचारायचा, “दाजी, तेव्हा माझी चूक झाली ना?”

तौनोला ‘नाही’ म्हणायचं असायचं. मला ठाऊक आहे, कारण ‘नाही’ माझ्याच अंगणात राहतं. ते मेलं नव्हतं, भुकेलं पडलं होतं. तौनो आतून त्याला ढकलायचा, मी सगळा जीव एकवटून फाकायला बघायचे, पेशी जरा हलायच्या, आणि तोंडातून निघायचं, “हो.”

“तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता, माहितीय मला,” एन्सिओ म्हणायचा. “पण याला हो म्हणताना तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणजे हे खरंच ना?”

“हो.”

अशी सहा वर्षं गेली. एका शनिवारी एन्सिओ म्हणाला, “समजलं, दाजी. आता पुन्हा विचारून तुम्हाला छळणार नाही.” माणूस शब्दाचा पक्का. त्याने पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, जे परतायचं ते पहिल्या वर्षात परततं. आम्ही आतल्या माणसांनी कॅलेंडर बघितलं नाही. माझ्या शेजारी केसाएवढ्या बारीक फांद्या फुटल्या. मला थोडं आवळता, थोडं सैल होता यायला लागलं. आणि या वसंतात एका सकाळी हिल्काने ओटची पेज पुढे केली. “आणखी वाढू?”

“नाही.”

तिच्या हातातला डाव पडला. “काय म्हणालास? मी म्हातारी दिसते का रे?”

“नाही.”

“खोटारडा!” म्हणत तिने त्याचं टक्कल कुरवाळलं. लगेच भावाला फोन केला, “एन्सिओ, तो नाही म्हणाला!”

मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण तौनोला आपणहून काही बोलता येत नाही. कुणी विचारलं तरच उत्तर येतं. आणि एन्सिओ विचारत नाही. आधी विचारायचा, कारण त्या ‘हो’ला अर्थ नव्हता असं मनाला समजावता यायचं. आता ‘हो’ आलं तर ते खरंच ठरेल. त्याची छाती होत नाही.

गेल्या शनिवारी दोघे फळीवर बसले होते. तौनो त्याच्याकडे बघत होता. ‘नाही’ तयार होतं, मी पूर्ण उघडी होते. एन्सिओने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी ओगराळं उचलून म्हणाला, “आणखी पाणी टाकू?”

तौनोने डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं. “नाही,” तो म्हणाला. “नाही. नाही!” त्याचे डोळे वाहत होते.

“बरं, बरं. नाही टाकत,” एन्सिओ म्हणाला आणि ओगराळं बादलीत ठेवलं.



मी थकलेय. माझ्या भिंती कडक होत चालल्यात, आणखी किती शनिवार मला असं उघडता येईल, सांगवत नाही. एन्सिओ, बाबा रे, धीर करून एकदा विचार. उत्तर इथेच आहे. मी त्याला रोज जगवतेय.